शोरूमनेच बसवलेलं परफॉर्मन्स किट, आता टर्बोची वॉरंटी नाकारतात (इंदूर)

लोकमान्यनगरकर

नमस्कार मंडळी. गाडी एक लिटरची टर्बो पेट्रोल, मॅन्युअल गिअरची. मागच्या दसऱ्याला इथल्याच एका शोरूममधून घेतली, नाव लिहीत नाही. बुकिंगच्या वेळी सेल्सवाल्याने एक 'परफॉर्मन्स पॅकेज' पुढे केलं: ट्यूनिंग बॉक्स, धुऊन पुन्हा वापरता येणारा एअर फिल्टर आणि फ्री फ्लो एक्झॉस्ट, मिळून ६८,००० रुपये. मी तेव्हाच विचारलं होतं की याने कंपनीच्या वॉरंटीला धक्का लागणार असेल तर मला नको. त्याचं उत्तर व्हॉट्सॲपवर आलं, ते अजून माझ्याकडे आहे: 'सर, फिटिंग हमारे ही वर्कशॉप में होगी, कंपनी वॉरंटी पे कोई फर्क नहीं पड़ेगा.' गाडी ताब्यात आली ती हे सगळं बसवूनच.

गेल्या महिन्यात ओंकारेश्वरहून परतताना भेरूघाटाच्या चढावर गाडीचा जोर एकदम गेला आणि मागे निळसर धूर. टो करून सर्व्हिस सेंटरला आणली. मीटर १७ हजारांच्या आसपास. टर्बो गेला म्हणाले, एस्टिमेट १,१२,००० रुपये. जॉब कार्डवर एकच ओळ: 'आफ्टरमार्केट मॉडिफिकेशन, वॉरंटी नॉट ॲप्लिकेबल.' शोरूम म्हणतं निर्णय कंपनीचा. कंपनीचं कस्टमर केअर म्हणतं डीलर हा स्वतंत्र व्यावसायिक, त्याच्या आश्वासनाला आम्ही बांधील नाही. घरी येऊन पॅकेजचं बिल नीट पाहिलं, तर ते शोरूमच्या नावाचं नाहीच. पत्ता तोच, फर्म दुसरी, जीएसटी नंबर वेगळा.

ज्या काउंटरवर गाडी विकली त्याच काउंटरवर किट विकलं, त्यांच्याच वर्कशॉपच्या माणसाने ते बसवलं. मग टर्बो गेल्यावर मी बाहेरून कामं करून घेणारं गिऱ्हाईक कसा झालो? यंत्रातलं किंवा कायद्यातलं कुणाला ठाऊक असेल तर कृपया सविस्तर लिहा.

नर्मदातीर

दादा, संताप समजतो. पण कंपनीची बाजूही ऐकून घ्या, नाहीतर पुढे अडचण होईल. ट्यूनिंग बॉक्स सेन्सर आणि ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) यांच्या मधे बसतो. टर्बोचा दाब खरा आहे त्यापेक्षा कमी आहे असं तो ईसीयूला भासवतो. ईसीयू बिचारा दाब वाढवत नेतो आणि टर्बो ठरवून दिलेल्या मर्यादेपेक्षा वेगाने फिरतो. कंपनीने तीन किंवा पाच वर्षांची हमी दिली ती मूळ दाबाच्या हिशोबाने. भेरूघाटातला चढ, गाडी भरलेली, त्यात हा बॉक्स. टर्बो गेला याचं मला आश्चर्य वाटत नाही. तुमचं भांडण शोरूमशी आहे, कंपनीशी नाही, असं माझं स्पष्ट मत.

सुदामानगर

मुळात टर्बो उघडून पाहिला का कुणी? की सायलेन्सर बघितला आणि शिक्का मारून मोकळे झाले?

लोकमान्यनगरकर

सुदामानगर ताई, उघडलेला नाही. ॲडव्हायझर म्हणाला, 'बोनेट उघडताच बॉक्स दिसला, पुढे बघायची गरजच नाही.'

जुना सल्लागार

मी बरीच वर्षं सर्व्हिस ॲडव्हायझर होतो (तुमची कंपनी नव्हे), म्हणून आतली रीत सांगतो. वॉरंटीचा क्लेम डीलर कंपनीच्या पोर्टलवर टाकतो. त्याबरोबर फोटो, स्कॅनरचा रिपोर्ट, सर्व्हिसचा इतिहास जातो. कंपनी मंजूर करते, फेटाळते किंवा जुना भाग तपासायला मागवते. मंजूर झाला तर भाग आणि मजुरीचे पैसे डीलरला कंपनीकडून मिळतात. त्यामुळे पहिला प्रश्न विचारा: माझा क्लेम पोर्टलवर टाकला होता का? टाकला असेल तर त्याचा नंबर द्या. पुष्कळदा तो टाकलेलाच नसतो. ॲडव्हायझर स्वतःच अंदाज बांधतो की हा परत येणार, आणि तोंडी 'नाही' सांगून टाकतो. तुमच्या बाबतीत तर शोरूमला तो टाकायची अडचण आहे. किट कुणी बसवलं हे कंपनीला कळलं तर डीलरशिपवरच बोट ठेवलं जाईल.

दुसरं, आणि हे आजच करा. टर्बो बदलून घेतला तरी जुना टर्बो, त्याची तेलाची नळी आणि बोल्ट भंगारात जाऊ देऊ नका. ईमेल करा की हे भाग टॅग लावून जपून ठेवावेत, माझ्या हजेरीशिवाय उघडू नयेत. एकदा भाग गेला की उरतो तो दोन्ही बाजूंचा नुसता शब्द.

तिसरं, नकार लेखी मागा. कुठला भाग नापास, वॉरंटी पुस्तिकेतल्या कुठल्या कलमाखाली, आणि कुठल्या तपासणीवरून, हे तिन्ही त्यात आलं पाहिजे. जॉब कार्डवरची ती ओळ कुणी लिहिली, कोणत्या अधिकाराने लिहिली, हेही विचारा.

पीथमपूर शिफ्ट

सल्लागारसाहेबांना अनुमोदन. मी पीथमपूरला गाड्यांच्याच धंद्यात आहे, म्हणून टर्बोबद्दल थोडं खोलात लिहितो. मेलेला टर्बो स्वतःची कहाणी सांगतो, फक्त उघडून बघावा लागतो.

टर्बोत एका दांड्यावर दोन चाकं असतात. एका बाजूला धुराच्या जोरावर फिरणारं टर्बाइन, दुसऱ्या बाजूला हवा दाबणारं कम्प्रेसर. दांडा तेलाच्या पातळ थरावर तरंगत मिनिटाला लाखाहून जास्त, छोट्या टर्बोत दोन लाखांच्याही वर फेरे घेतो. मर्यादेपेक्षा जास्त वेगाने पळवला गेला असेल तर कम्प्रेसर चाकाच्या पाठीवरचा धातू ताणला जातो आणि तिथे संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा येतो. पाती लांबतात, कधी मुळाशी तडकतात. फिल्टर नीट बसला नव्हता आणि धूळ आत गेली असेल तर पात्यांच्या पुढच्या कडा झिजलेल्या, खरवडलेल्या दिसतात. आणि तेल कमी पडलं असेल तर दांडा निळा-जांभळा पडतो, बेअरिंगवर चरे येतात, तेलाची नळी किंवा तिच्या तोंडाचा पोकळ बोल्ट काळ्या कार्बनने चोंदलेला असतो.

म्हणजे तुमच्या तीन वस्तूंपैकी प्रत्येकीची खूण वेगळी आहे. बॉक्सचा दोष असेल तर पहिली खूण, फिल्टरचा असेल तर दुसरी. एक्झॉस्ट तर कॅटॲलिटिक कन्व्हर्टरच्या (धूर कमी विषारी करणाऱ्या डब्याच्या) नंतरचा बदललेला असेल तर टर्बोच्या मागचा दाब कमीच होतो. त्याने आवाज वाढेल, पण टर्बो मरायचं ते कारण नव्हे. तिन्ही वस्तू एका ओळीत गुंडाळून 'मॉडिफिकेशन' म्हणणं हे निदान नाही.

अजून एक. ईसीयूतल्या सॉफ्टवेअरचा कॅलिब्रेशन आयडी आणि त्याची पडताळणी करणारा सीव्हीएन आकडा साध्या ओबीडी स्कॅनरवरही (गाडीला जोडून ईसीयूतली माहिती वाचणारं यंत्र) वाचता येतो. त्याचा प्रिंट घ्या. बॉक्स बाहेरून सिग्नल बदलतो, सॉफ्टवेअरला हात लावत नाही. उद्या कुणी 'रीमॅप केलंय', म्हणजे ईसीयूचं सॉफ्टवेअरच बदललंय, म्हणालं तर हा कागद उपयोगी पडेल.

लोकमान्यनगरकर

खूप आभार. ईमेल केला. क्लेम खरोखरच पोर्टलवर टाकलेला नव्हता! आता टाकला. आज वर्कशॉप मॅनेजरसमोर टर्बो उघडला, व्हिडिओ काढला. कम्प्रेसर चाकाची पाठ गुळगुळीत आहे, नख फिरवून पाहिलं. पात्यांच्या कडा धारदार, शाबूत. दांडा मात्र मधोमध चांगला निळा पडलाय आणि तेलाच्या नळीच्या बोल्टमधलं भोक कार्बनने इतकं भरलंय की बारीक तार घालावी लागली. मॅनेजर बघून गप्प झाले. मग म्हणाले, 'हे आम्ही कंपनीला कळवतो.'

नर्मदातीर

हे चांगलं झालं. तरी कंपनी पुढे काय म्हणेल तेही सांगून ठेवतो, म्हणजे तयारी राहील. दाब वाढला की धुराचं तापमान वाढतं, टर्बोचा मधला भाग जास्त तापतो, आणि गाडी बंद केल्यावर तिथे अडकलेलं तेल जळून कार्बन धरतं. म्हणजे तेलाची नळी चोंदली याचंही खापर बॉक्सवर फोडता येतं.

पीथमपूर शिफ्ट

मुद्दा बरोबर आहे, नाकारत नाही. पण मग तो सिद्ध करायची जबाबदारी म्हणणाऱ्यावर येते. तसं तापमान गेलं असेल तर टर्बाइन हाउसिंगला तडे, टर्बाइनच्या पात्यांच्या टोकांवर भाजल्याच्या खुणा दिसायला हव्यात. तेही बघा. आणि तेल कुणी बदललं? कोणत्या ग्रेडचं? सगळ्या सर्व्हिस त्याच वर्कशॉपला झाल्या असतील तर तेलाची जबाबदारी फिरून त्यांच्याच दारात येते.

लोकमान्यनगरकर

सगळ्या सर्व्हिस तिथेच, वेळेवर, बिलांसकट. आणि प्रत्येक वेळी बॉक्स त्यांच्या डोळ्यांसमोर होता. एकाही जॉब कार्डवर त्याबद्दल अक्षर नाही.

डेट्रॉइटकर

मी इंदूरचाच, आता मिशिगनमध्ये, गाड्यांच्याच क्षेत्रात. इथे याच भांडणासाठी १९७५ चा मॅग्नसन-मॉस वॉरंटी कायदा आहे. हमी टिकवायची तर आमच्याच ब्रँडचा भाग किंवा आमचीच सर्व्हिस घ्या, अशी अट कंपनीला घालता येत नाही. ती वस्तू किंवा सेवा फुकट दिली किंवा सरकारी आयोगाकडून खास सूट घेतली तरच ती चालते. बाहेरच्या भागामुळेच बिघाड झाला असेल तर त्या बिघाडापुरती हमी नाकारता येते. २०२२ मध्ये इथल्या फेडरल ट्रेड कमिशनने हार्ले-डेव्हिडसनवर अशाच अटींवरून कारवाई केली होती.

तरीही इथे हे तंटे थांबलेले नाहीत, कारण बिघाड कशाने झाला यावर वाद होतोच. इथले लोक एक गोष्ट आधी बघतात. वाहन कंपनीच्याच परफॉर्मन्स विभागाचा, पार्ट नंबर असलेला भाग डीलरने बसवला तर त्यावर बहुधा कंपनीची लेखी हमी असते. डीलरने बाजारातून आणून बसवला तर हमी डीलरची किंवा त्या भाग बनवणाऱ्याची. दोन्ही एकाच शोरूममध्ये, एकाच कॅटलॉगमध्ये दिसतात, पण मागे उभं राहणारं कोण ते वेगळं असतं. हा अमेरिकेचा कायदा आहे, तुमच्या नोटिशीत त्याचा उपयोग नाही. भारतातलं जाणकारांनी सांगावं.

रामबागची वकील

डेट्रॉइटकरांनी नीट मर्यादा सांगितली. आपल्याकडे नेमका तसा कायदा नाही, पण हात रिकामे नाहीत. जरा लांबण लागेल.

भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ च्या आदेशात १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटींचा दंड केला होता. त्यात एक निर्देश असा होता की ग्राहकाने स्वतंत्र मेकॅनिककडे काम करून घेतलं एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट नको. त्या कामातल्या दोषामुळे जे नुकसान झालं तेवढ्यापुरतीच ती नाकारता यावी. दंडाची रक्कम पुढे अपिलात बदलली, प्रकरण वर गेलं, त्यामुळे हा आदेश हुकमी पत्ता समजू नका. पण युक्तिवादाची दिशा त्यातून मिळते.

तुमचा मुख्य आधार ग्राहक संरक्षण कायदा २०१९. इथे बरेच जण कलम ८६ दाखवतील, कारण विक्रेत्याने वस्तूत बदल केला किंवा स्वतःची वेगळी हमी दिली तर तो जबाबदार, असं त्यात लिहिलं आहे. वाचायला अगदी तुमच्यासाठीच लिहिल्यासारखं वाटतं. पण कायद्यातलं ते प्रकरण प्रॉडक्ट लायबिलिटीचं, म्हणजे सदोष वस्तूमुळे झालेल्या हानीच्या भरपाईचं आहे आणि त्यातल्या 'हानी'च्या व्याख्येत खुद्द त्या वस्तूचं झालेलं नुकसान धरत नाहीत. टर्बो गेला हे गाडीचंच नुकसान. म्हणून त्या वाटेने जाऊ नका. तक्रार मांडायची ती वस्तूतला दोष, सेवेतली त्रुटी आणि अनुचित व्यापार प्रथा या तीन आधारांवर. वॉरंटी राहील असं सांगून वस्तू विकली आणि ती राहिली नाही, हे तिसऱ्यात बसतं.

कंपनीला प्रतिवादी कराच, पण तिचा बचाव ठाऊक असू द्या. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातल्या एका प्रकरणात म्हटलं आहे की कंपनी आणि डीलर यांचे संबंध दोन स्वतंत्र व्यापाऱ्यांचे असतील तर डीलरच्या गैरवर्तनासाठी, कंपनीला त्याची माहिती होती हे दाखवल्याशिवाय, कंपनीला जबाबदार धरता येत नाही. म्हणून कंपनीविरुद्ध व्हॉट्सॲपवर भर देऊ नका. तिच्याविरुद्ध भर द्या तिच्या स्वतःच्या वॉरंटीवर आणि चोंदलेल्या बोल्टवर. व्हॉट्सॲप डीलरविरुद्ध वापरा. आणि ती दुसरी फर्म, जिच्या नावाचं बिल आहे, ती तिसरी प्रतिवादी. ती सुटली तर डीलर बोट तिच्याकडे दाखवेल आणि तुम्ही पुन्हा पहिल्या पायरीवर.

व्हॉट्सॲपचा नुसता स्क्रीनशॉट देऊ नका. भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडा, आणि मूळ फोन बदलू नका, फॉरमॅट करू नका.

गाडीची किंमत ५० लाखांच्या आत, म्हणजे जिल्हा ग्राहक आयोग. राहता तिथे, म्हणजे इंदूरलाच दाखल करता येते. १० ते २० लाखांच्या व्यवहाराला शुल्क ४०० रुपये. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. समोरच्याने ३० दिवसांत, फार तर आणखी १५ दिवसांत उत्तर द्यायचं असतं, आणि त्यापुढे मुदत देता येत नाही असं २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितलं आहे. ग्राहक कायद्याच्याच कलम ३८ खाली भाग प्रयोगशाळेत पाठवण्याची मागणी करता येते, तिचं शुल्क आधी तुम्हाला भरावं लागेल. निकालाची मुदत कागदावर तीन महिने, तपासणी असेल तर पाच. प्रत्यक्षात जास्त वेळ लागतो, हे मनात धरून चला. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. फुकट आहे, आणि कंपनीच्या वरच्या टेबलावर कागद पोहोचतो.

एक गोष्ट कडू वाटली तरी सांगते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे निर्मात्याच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल करता येत नाही. नियमबाह्य बदल केलेली गाडी विकणाऱ्या डीलरला कलम १८२अ खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा वाहनामागे एक लाखाचा दंड आहे, पण मालकालाही प्रत्येक बदलामागे पाच हजार किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद सांगितली आहे. त्यामुळे तो एक्झॉस्ट आणि बॉक्स फोटो, व्हिडिओ काढून उतरवा आणि पुरावा म्हणून घरी ठेवा. शोरूमला परत देऊ नका.

सुदामानगर

ताई, इतकं मुद्देसूद क्वचित वाचायला मिळतं. हा धागा माझ्या 'निवडक दहा' धाग्यांच्या यादीत टाकला.

बडोदेकर

बडोद्यातला आमचा अनुभव थोडा वेगळा, पण जवळचा आहे. नव्या गाडीला डीलरनेच सीएनजी किट बसवून दिलं. किट मान्यताप्राप्त होतं, आरसीवर नोंदही झाली. पुढे इंजिनाच्या हेडचं काम निघालं आणि तीच भाषा सुरू झाली. आम्ही वाचलो ते एका कागदामुळे. डिलिव्हरीच्या आधी माझ्या सासऱ्यांनी डीलरच्या लेटरहेडवर लिहून घेतलं होतं की किटमुळे वॉरंटीचा क्लेम फेटाळला गेला तर दुरुस्तीचा खर्च डीलर सोसेल. ते पत्र टेबलावर ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी काम सुरू झालं. तेव्हा सासरे हटून बसले म्हणून सगळे वैतागले होते, शोरूमवाला तर गाडी देईना.

जुना सल्लागार

बडोदेकर वहिनी, अशी पत्रं शोरूम सहसा देत नाहीत. देत नाहीत यातच उत्तर मिळतं. तोंडी हमी देणारा माणूस लिहून द्यायला मागे सरला की ते पॅकेज तिथेच सोडावं.

लोकमान्यनगरकर

थोडी प्रगती. कंपनीचा एरिया मॅनेजर येऊन टर्बो बघून गेला. टर्बाइन हाउसिंगला तडा नाही, हे त्याने माझ्यासमोर मान्य केलं, पण लिहून दिलं नाही. आज शोरूममधून फोन आला: कंपनी 'गुडविल' म्हणून टर्बोची निम्मी किंमत देते, उरलेली आणि मजुरी मी भरायची. सोबत एक फॉर्म आहे, त्यावर 'फुल अँड फायनल सेटलमेंट' आणि पुढे कुठलीही तक्रार नाही असं लिहिलंय. घरचे म्हणतात घेऊन टाक, गाडी तरी सुरू होईल. बाबांना दर आठवड्याला दवाखान्यात न्यायचं असतं, रिक्षाने फार हाल होतात. मन डळमळतंय, खरं सांगतो.

नर्मदातीर

सही करू नका दादा. सुरुवातीला मी कंपनीच्या बाजूने बोललो होतो, पण चाकाची पाठ गुळगुळीत आणि हाउसिंग शाबूत असेल तर माझा तो अंदाज टिकत नाही. आणि निम्मे पैसे कंपनी देते याचा अर्थ क्लेम साफ खोटा नाही हे तिलाही दिसतंय. शोरूम स्वतःच्या खिशातून काय देतंय? त्या निम्म्याचा प्रश्न खरा त्यांना विचारायचा आहे.

रामबागची वकील

गाडीची गरज आहे तर ती अडवून ठेवू नका. पैसे 'हक्क राखून', म्हणजे हरकत नोंदवून भरा आणि तसा ईमेल भरण्याच्या आधी पाठवा. त्या फॉर्मवर सही नको. सही केल्याशिवाय गाडी देत नाहीत असं म्हणाले तर तेही लेखी मागा. जुना टर्बो गाडीबरोबर ताब्यात घ्या, आणि कंपनीला हवा असेल तर पोचपावती आणि दोन्ही बाजूंच्या सहीचं सील करूनच द्या. नोटिशीचा मसुदा इथे टाकू नका, मला निरोपातून पाठवा, बघून देते.

लोकमान्यनगरकर

ताई, निरोप पाठवला. शोरूमच्या मालकांना आज सकाळी भेटलो, व्हॉट्सॲप दाखवलं. आधी म्हणाले तो सेल्सवाला सोडून गेला. मी म्हटलं, मेसेज शोरूमच्या नंबरवरून आहे. मग मजुरी माफ करतो म्हणाले, पण उरलेल्या निम्म्या टर्बोवर अडून आहेत. हरकत नोंदवून पैसे भरतोय, उद्या गाडी मिळेल. नोटीस सोमवारी तिघांच्या नावे जाईल.

सुदामानगर

शुभेच्छा दादा. माझ्या भावाची गाडी येत्या आठवड्यात डिलिव्हरीला आहे, त्यालाही असलंच पॅकेज देतायत, फक्त मोठी अलॉय चाकं आणि एअर फिल्टर. त्याने काय लिहून घ्यावं?

जुना सल्लागार

आधी दोन्ही वस्तूंचे पार्ट नंबर मागा आणि ते कंपनीच्या ॲक्सेसरी यादीत आहेत का ते कंपनीच्याच साइटवर तपासा. असतील तर गाडीच्याच टॅक्स इन्व्हॉइसवर घ्या, वेगळ्या फर्मचं बिल नको. यादीत नसतील तर सस्पेन्शन, व्हील बेअरिंग आणि इंजिन यांची नावं घालून बडोदेकरांसारखं लेटरहेडवर पत्र घ्या, सही आणि शिक्क्यासकट. चाकांचा आकार बदलत असेल तर इन्शुरन्स कंपनीलाही डिलिव्हरीच्या आधी कळवा, आणि तिचं उत्तर येईपर्यंत मूळ चाकंच लावून गाडी घ्या.